निघण्याआधी शेळी विकतात

मे २००४ मध्ये पोलंडसह दहा देश युरोपीय संघात आले. आदल्याच वर्षी ब्रिटनच्या गृहखात्यासाठी अर्थतज्ज्ञांनी अंदाज बांधला होता, की या नव्या देशांतून वर्षाला निव्वळ ५ ते १३ हजार माणसं येतील. इंग्लंड-वेल्समध्ये पोलंडमध्ये जन्मलेले लोक २००१ च्या जनगणनेत ५८ हजार होते. २०११ मध्ये ते ५ लाख ७९ हजार झाले.

गणित चुकलं का? माझ्या मते गणित ठीक होतं, गृहीत फसलं. जर्मनीही या देशांतल्या कामगारांना दार उघडेल असं त्यात धरलं होतं. प्रत्यक्षात जर्मनीने २०११ पर्यंत ते बंद ठेवलं. लगेच उघडले ते ब्रिटन, आयर्लंड आणि स्वीडन. शिवाय पहिला माणूस स्थिरावला की त्याच्या खोलीवर दुसरा उतरतो. हे कोकणातल्या घरांना सांगायला नको. गिरणगावातल्या गावकऱ्यांच्या खोल्या, गोवेकरांचे मुंबईतले कूड, म्हणजे गाववाल्यांच्या राहायच्या जागा, याच रीतीने भरले. पण आकड्यांच्या सरळ समीकरणात ही ओळखीपाळखीची साखळी सहसा बसत नाही.

इथे सिम्युलेशन, म्हणजे संगणकावर उभी केलेली नक्कल, कामाला येतं. संगणकात आपण हजारो माणसं उभी करतो. शास्त्रीय भाषेत त्यांना एजंट म्हणतात, पण आपल्याकडे एजंट म्हटलं की व्हिसाचा दलाल डोळ्यांसमोर येतो, म्हणून मी सोंगट्या म्हणते. पटावरची सोंगटी आपण हलवतो. ही मात्र दिलेल्या नियमांप्रमाणे स्वतःच ठरवते, जायचं की थांबायचं.

लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातल्या सुलेमेनोवा, बेल आणि ग्रोएन यांनी युद्धातून पळणाऱ्या निर्वासितांसाठी २०१७ मध्ये मांडलेली पद्धत पाहा. मालीसारख्या देशाचा नकाशा घ्यायचा. गावं म्हणजे ठिपके, रस्ते म्हणजे रेषा. लढाई पेटलेल्या गावातली सोंगटी त्याच दिवशी निघते. वाटेतल्या गावात असेल, तर त्या दिवशी पुढे सरकण्याची शक्यता १० पैकी ३. छावणीत पोचली, की हजारात एक. फाट्यावर जवळचं गाव जास्त ओढतं. एवढंच! माली, बुरुंडी आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक या तिन्ही ठिकाणी, पहिले बारा दिवस सोडले तर, निर्वासित कुठे पोचतील याचा अंदाज ७५ टक्क्यांहून अधिक बरोबर आला.

यातला बारकावा लक्षात घ्या. किती माणसं पळतील, हे त्या मॉडेलने सांगितलंच नव्हतं. एकूण संख्या बाहेरून दिली होती. पळालेली माणसं कुठल्या छावणीत पोचतील, एवढंच त्याने सांगितलं. पण तंबू आणि पाणी कुठे न्यायचं हे ठरवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. सीमा बंद झाली तर लोंढा कुठे वळेल, हेही आधी चालवून बघता येतं. आणि इथे मला मनापासून भीती वाटते. जो नकाशा तंबू कुठे लागतील ते दाखवतो, तोच कुंपण कुठे घालावं हेही दाखवतो. असं मॉडेल कुणाच्या हाती द्यायचं, हा प्रश्न ते बांधणाऱ्यांनी टाळू नये.

आता त्या १० पैकी ३ कडे परत येऊ. हा आकडा अभ्यासकांनी ठरवला आहे. खरा माणूस कशावरून उठतो? सोमालियातून इथिओपियातल्या डोलो आडोच्या छावण्यांत किती लोक येतील, हे आधी कळावं म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने २०१७ मध्ये 'जेटसन' प्रकल्प हाती घेतला. ते सिम्युलेशन नव्हे, आकडेवारीवरून शिकणारी पद्धत आहे. पाऊस, धान्याचे भाव, हिंसाचाराच्या नोंदी हे सगळं त्यात होतंच. मग त्यांनी घर सोडून आलेल्यांनाच विचारलं. लोक म्हणाले, शेळ्या बघा. शेळीला एवढी लांबची वाट चालवत नाही, म्हणून निघण्याआधी माणूस ती विकून टाकतो. तेव्हापासून त्या मॉडेलमध्ये शेळीचा बाजारभावही घातला जाऊ लागला.