घरात खाली कोण बसतं?

नमस्कार. मघाशी ओळख करून देताना तुम्ही मला ‘प्राणिचित्रकार’ म्हणालात, ते जरा मोठंच झालं. लोकांच्या घरातल्या कुत्र्यामांजरांची चित्रं मी पैसे घेऊन काढते, एवढंच. ‘चित्रकला शिकून हेच करायचं होतं का?’ असं विचारणारे नागपुरातल्या धरमपेठेत अजून भेटतात. त्यांना मी मुघल दरबारातल्या चित्रकाराचं, उस्ताद मन्सूरचं नाव सांगते. जहांगीर बादशहाला भेट मिळालेला झेब्रा त्याने १६२१ साली काढला. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हे पट्टे कोणी रंगवले तर नाहीत, अशी शंका दरबारात आली आणि जनावर नीट तपासलं गेलं, असं खुद्द बादशहाने लिहून ठेवलंय. माझं गिऱ्हाईकही तसंच. फक्त ते जनावराऐवजी चित्र तपासतं.

काम सुरू होतं व्हॉट्सअॅपवर आलेल्या फोटोपासून. फोटो उभ्याने, वरून आणि अगदी जवळून काढलेला. फोनची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते, त्यामुळे तिच्याजवळचं नाक बटाट्याएवढं होतं, कान मागे पळतात आणि पाय आखूड दिसतात. फ्लॅश मारला असेल तर डोळे हिरवे चमकतात, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यामागचा थर प्रकाश परत फेकतो. मग मी सांगते, चार पावलं मागे सरका, झूम करा, आणि कृपा करून खाली बसा. मांजर असेल तर वेळही विचारते. नागपूरच्या भर दुपारी तिची बाहुली नुसती उभी रेघ असते, दिवेलागणीला डोळा जवळजवळ काळा होतो. घरच्यांना यातला एकच डोळा ‘आपला’ वाटतो.

काळा कुत्रा सगळ्यात अवघड. ट्यूबमधला काळा तसाच लावला की कागदाला भोक पडल्यासारखं दिसतं. मी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळते. पाठीवर आभाळाची निळी झाक, पोटाखाली जमिनीचा तपकिरी उजेड, आणि उन्हात पडून राहणारा असेल तर केसांची टोकं तांबूस झालेली. हा तांबूसपणा घरच्यांना दाखवला की ते चमकतात, रोज समोर असून पाहिलेला नसतो. मे महिन्यात तर ब्रश उचलेपर्यंत वॉश, म्हणजे पातळ रंगाचा ओला हात, वाळतो नि कडा उमटतात, म्हणून मोठे वॉश मी कूलरच्या दमट हवेत टाकते.

पण खरी गंमत पुढे आहे. महाल भागातल्या एका घरी मी गावठी कुत्र्याचं चित्र घेऊन गेले होते. अंगणात त्याच्यासमोर बसून रेखाटलेलं, डोळ्याला डोळा येईल असं. मुलाने हातात घेतलं आणि म्हणाला, “ताई, सुंदर आहे, पण हा आमचा मोती वाटत नाही.” सुनेलाही डोळे मोठे वाटले. आजी खाली बसून अंबाडीची भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “दाखव इकडं.” पाहिलं आणि हसल्या. “हाच तं! काडीची वाट पाहून राहिला.”

मुलाचंही चुकत नव्हतं. त्याने मोती कायम उभ्याने पाहिलेला. त्याच्यासाठी मोती म्हणजे पाठ, डोक्याचा माथा आणि वर केलेलं तोंड. जर्मन चित्रकार ड्युररचा १५०२ मधला ससा आठवा, तोही थोडा वरून पाहिलेला आहे आणि त्याच्या डोळ्यात खिडकी दिसते. बघणारा कुठे होता हे चित्रच सांगतं. तेव्हा आता माझा पहिला प्रश्न जातीचा किंवा आकाराचा नसतो. घरात त्याच्याजवळ खाली कोण बसतं, आणि चित्र कोणासाठी, हे मी आधी विचारते. उत्तरावर कधीकधी घरातच भांडण लागतं. लागू द्यावं. पंख लावून ढगात बसवलेला कुत्रा मात्र मी काढत नाही, कितीही पैसे दिले तरी.

गेल्या पोळ्यानंतर काटोलकडचे एक शेतकरी आले. बैल गेला होता. फोटो पोळ्याचा: रंगवलेली शिंगं, मठाटी, झूल. मी म्हटलं, छान आहे, यावरून काढते. तर म्हणाले, “हा त एका दिवसाचा बैल झाला, ताई. मी त्याले वखरामागूनच पाह्यला. मागूनच काढा.”

जनावराचा मागून अभ्यास कुणी शिकवत नाही. मी त्यांच्या शेतावर जाऊन उरलेल्या जोडीदाराची रेखाटनं केली. दोन पुठ्ठे, मधे शेपटीचा गोंडा, पुढे वशिंडाचा उंचवटा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना शिंगांची नुसती टोकं. चालताना वजन एका पुठ्ठ्यावरून दुसऱ्यावर कसं जातं, ते बांधावर बसून पाहिलं. ते शेजारी उभे राहून सांगत होते, “त्याचा डावा पुठ्ठा जरा उतरता होता, तेवढा उतरवा.”

पैशाची वेळ आली तेव्हा म्हणाले, “तोंड त काढलंच नाही, मंग भाव कमी नाही का होत?” मी केला नाही. मागची बाजू काढायलाच जास्त वेळ लागला होता, तसं त्यांना सांगितलं.