वास न येणारा वायू

श्रोतेहो, नमस्कार.

कचरा डेपोच्या आसपास राहणाऱ्या माणसाला विचारा, काय त्रास होतो? पहिलं नाव येईल दुर्गंधीचं. मग माश्या, मग धूर. या तक्रारी अगदी खऱ्या आहेत. पण गंमत अशी, की त्या ढिगातून जो वायू सर्वांत घातक प्रमाणात बाहेर पडतो, त्याला वासच नाही. रंगही नाही. तो मिथेन. कचऱ्याच्या ढिगातून निघणाऱ्या वायूत साधारण निम्मा मिथेन असतो, उरलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. नाकाला झोंबतात ते हायड्रोजन सल्फाइडसारखे वायू. त्यांचं प्रमाण एखाद्या टक्क्याच्या आतबाहेर.

तक्रार नाकाच्या जोरावर होते, म्हणून उपायही नाकापुरताच होतो. ढिगावर वास मारणारं काहीतरी फवारलं जातं, चार दिवस बरं वाटतं, मिथेन मात्र पूर्वीसारखाच निघत राहतो. आज मला बोलायचं आहे ते या न दिसणाऱ्या भागाबद्दल.

हा वायू तयार कसा होतो? कचऱ्यातलं अन्न, भाजीपाला, पालापाचोळा, कागद हे सगळं जीवाणूंचं खाद्य. हवा मिळते तोवर कुजण्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पण वर नवा थर पडला, त्याच्यावरून बुलडोझर फिरला, की खालच्या थरातला प्राणवायू थोड्याच दिवसांत संपतो. मग हवेशिवाय जगणाऱ्या सूक्ष्मजीवांचं राज्य सुरू होतं. आधी आम्लं तयार होतात आणि त्या आम्लांपासून शेवटी मिथेन. दलदलीच्या तळाशी हेच घडतं. इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टानं १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठावरचा गाळ काठीनं ढवळला, वर आलेले बुडबुडे गोळा केले आणि ते पेटवून दाखवले. तोच हा वायू. फक्त आता दलदल आपण स्वतः तयार करतो, तीही पंधरा-वीस मजले उंच.

इथे एक विचित्र गोष्ट आहे. कुठेतरी पसरून टाकलेल्या, उथळ, अस्ताव्यस्त कचऱ्यात हवा खेळती राहते, म्हणून तिथे मिथेन कमी तयार होतो. तोच कचरा एका जागी नीट रचला, दाबला, मातीनं झाकला, की मिथेन वाढतो. म्हणजे उघड्या उकिरड्याचं रूपांतर शिस्तबद्ध डेपोत केलं आणि वायू ओढून घेण्याची सोय केली नाही, तर पाण्याचं प्रदूषण आणि माश्या कमी होतील, पण हवामानाच्या हिशेबात आपण तोट्यात जाऊ. उद्घाटनाच्या भाषणांत ही गोष्ट सहसा ऐकू येत नाही.

हा वायू जवळच्या माणसांना काय करतो, ते सांगतो. हवेत त्याचं प्रमाण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान असलं, की एक ठिणगी पुरते. इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात लोस्को नावाचं गाव आहे. तिथली विटांच्या मातीची एक जुनी खाण कचऱ्यानं भरून काढली होती. १९८६ च्या २४ मार्चला सकाळी साडेसहाच्या सुमाराला खाणीजवळचं एक घर स्फोटात जमीनदोस्त झालं. आतली तिन्ही माणसं वाचली, पण गंभीर जखमी झाली. चौकशीत जे समोर आलं ते ऐकण्यासारखं आहे. त्या रात्री सुमारे सात तासांत हवेचा दाब २९ मिलिबारनं घसरला होता. बाहेरचा दाब कमी झाला, तसा जमिनीत दाबून राहिलेला वायू जोरानं बाहेर पडू लागला. खडकाच्या भेगांमधून आडवा सरकत तो घराखाली साचला आणि सकाळी घर उबदार ठेवणारा बॉयलर सुरू होताच पेटला. म्हणजे ढिगाचं तोंड वरून बंद केलं म्हणून काम संपत नाही. वायूला वर जायला वाट नसेल, तर तो बाजूनं वाट काढतो आणि बाजूला माणसं राहत असतात. ब्रिटनमधले कचराभूमीच्या वायूबद्दलचे नियम पुढे कडक झाले, त्यामागे या स्फोटाचा मोठा वाटा आहे.

इस्तंबूलच्या उमरानिये भागात १९९३ च्या एप्रिलमध्ये कचऱ्याचा डोंगर स्फोटानंतर खाली आला आणि ३९ जणांचा बळी गेला. इंडोनेशियात बांडुंगजवळ लेउविगाजाह इथे २००५ च्या २१ फेब्रुवारीला, मुसळधार पावसानंतर, कचऱ्याचा कडा कोसळला. १४० हून अधिक लोक गाडले गेले. तो देश आता २१ फेब्रुवारी हा दिवस राष्ट्रीय कचरा जागृती दिन म्हणून पाळतो. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, २०१७ च्या मार्चमध्ये कोशे नावाच्या डेपोवर अशीच दरड कोसळली आणि शंभराहून जास्त माणसं मेली. पावसाचं पाणी आत मुरतं, वायूचा आणि पाण्याचा दाब वाढतो, थरांची एकमेकांवरची पकड सुटते. आणि मेलेली माणसं कोण होती? डेपोच्या पायथ्याशी झोपड्या बांधून राहणारी, त्याच कचऱ्यावर पोट भरणारी.

आगीचंही तसंच. ढिगाच्या पोटात धुमसणारी आग पाण्यानं विझत नाही. मिथेन तिला आतून खाऊ घालतो. वर प्लॅस्टिक जळतं आणि तो धूर कित्येक दिवस वस्त्यांवर पसरून राहतो. शिवाय जमिनीखालून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लिचेट म्हणतात, ते विहिरींपर्यंत पोचतं. त्यावर स्वतंत्र भाषण करता येईल.

आता हवामान. मिथेन वातावरणात साधारण १२ वर्षं टिकतो, कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. पण जोवर टिकतो तोवर मिथेन भलताच तापट. २० वर्षांचा हिशेब केला तर वजनाला वजन तो कार्बन डायऑक्साइडच्या ८० पटींहून जास्त उष्णता धरून ठेवतो. औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत हवेतलं त्याचं प्रमाण आज अडीच पटींहून अधिक झालं आहे. माणसामुळे बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी सुमारे एक पंचमांश कचरा आणि सांडपाण्यातून येतो. याची दुसरी बाजू आशेची आहे. मिथेन आज कमी केला तर त्याचा परिणाम आपल्याच हयातीत दिसेल. म्हणूनच २०२१ साली ग्लासगोच्या हवामान परिषदेत अनेक देशांनी, २०३० पर्यंत मिथेन २०२० च्या पातळीपेक्षा ३० टक्क्यांनी कमी करण्याचं जागतिक वचन दिलं.

पण किती कमी केला, हे मोजणार कसं? आजवर बहुतेक देशांत मिथेन मोजत नसत, त्याचं गणित मांडत. किती टन कचरा आला, त्यात ओला किती, की सूत्रात आकडा टाकायचा. आता उपग्रह आणि विमानांवरची उपकरणं हा वायू प्रत्यक्ष पाहू शकतात. अमेरिकेत दोनशेहून अधिक कचराभूमींवरून अशी विमानं फिरवली गेली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, निम्म्याहून अधिक ठिकाणी मोठी गळती आढळली आणि प्रत्यक्ष उत्सर्जन सरकारदरबारी नोंदवलेल्या आकड्याच्या सरासरी १.४ पट निघालं. कागदावरचा मिथेन आणि हवेतला मिथेन यांची गाठ पडायला अजून अवकाश आहे.

उपाय म्हटला की एक चित्र पुढे केलं जातं. ढिगात नळ्या खोलवर घालायच्या, वायू ओढायचा, इंजिन चालवून वीज करायची. कल्पना चांगली आहे. जुन्या, बंद केलेल्या ढिगांना दुसरा पर्यायही फारसा नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोलमध्ये नांजीदो नावाचा प्रचंड कचराडोंगर होता. तो १९९३ मध्ये बंद झाला, वायूच्या विहिरी खोदल्या गेल्या, त्या वायूवर इमारती गरम ठेवायची सोय झाली आणि २००२ मध्ये तिथे बाग खुली झाली. वीज नको असेल तर वायू नुसता जाळला तरी फायदाच, कारण जळल्यावर मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो. वर मातीचा चांगला सच्छिद्र थर असेल तर त्यातले मिथेन खाणारे जीवाणूही थोडा वायू वाटेतच फस्त करतात.

पण नव्या कचऱ्यासाठी याच उपायावर भिस्त ठेवणं मला पटत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा २०२३ चा अहवाल सांगतो, की पुरलेल्या अन्नातला निम्मा कार्बन ३.६ वर्षांतच वायू होऊन जातो. आणि तिथल्या नियमानुसार, कचरा येणं चालू असलेल्या भागात वायूच्या विहिरी बसवायला पाच वर्षांपर्यंत मुदत असते. म्हणजे जाळं लावेपर्यंत पाखरं उडून गेलेली. त्याच अहवालानुसार पुरलेल्या अन्नापासून होणाऱ्या मिथेनपैकी ६१ टक्के कुठल्याही नळीत न सापडता हवेत जातो. ही सुबत्तेच्या, यंत्रणा असलेल्या देशाची कथा.

तेव्हा खरा उपाय ढिगाच्या आधीचा. ओला कचरा डेपोवर जाऊच द्यायचा नाही. युरोपीय संघानं १९९९ मध्येच कायदा केला, की कुजणारा कचरा पुरण्याचं प्रमाण टप्प्याटप्प्यानं १९९५ च्या पातळीच्या ३५ टक्क्यांवर आणायचं. दक्षिण कोरियानं २००५ पासून उरलंसुरलं अन्न थेट पुरायला बंदी घातली. पुढे फेकलेल्या अन्नाच्या वजनावर पैसे आकारायला सुरुवात झाली. आज तिथल्या अशा कचऱ्यापैकी बहुतेक पशुखाद्य, खत किंवा बायोगॅसकडे वळतो. त्यातही डोळे उघडे ठेवावेच लागतात. खताचा ढीग वेळच्या वेळी उलटापालटा केला नाही तर त्याच्या पोटातही मिथेन होतो, आणि बायोगॅसच्या टाकीला गळती असेल तर आपण मिळवलं काय?

कचरावेचकांना विसरून हे जमणार नाही. जगभर कोट्यवधी माणसं कचरा निवडून जगतात. डेपो बंद करा, यंत्र आणा, असं म्हणताना त्यांचा विचार शेवटी येतो. खरं तर सुका माल ओळखण्याची, वेगळा करण्याची जी नजर लागते ती त्यांच्याकडे आहे. ब्राझीलनं २००२ मध्ये कचरावेचक हा व्यवसाय सरकारी व्यवसाय यादीत नोंदवला. कामगार म्हणून नोंद झाली, की हातमोजे, विमा, मजुरी यांची मागणी तरी करता येते.

आणि घरात वेगळा केलेला कचरा? तो गाडीत पुन्हा एकत्र होतो, हे माणसानं एकदा डोळ्यांनी पाहिलं की दुसऱ्या दिवसापासून तो दोन डबे ठेवत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. मिसळलेल्या कचऱ्यापासून खत केलं तर त्यात काच, प्लॅस्टिक आणि जड धातू उतरतात. शेतकरी ते घेत नाही, मग तेच खत पुन्हा डेपोवर जातं. युरोपात २०२७ पासून अशा मिश्र कचऱ्यापासून केलेलं खत पुनर्वापराच्या आकड्यांत धरायचंच नाही, असं ठरलं आहे. म्हणून एखाद्या गावाकडे, शहराकडे पैसा मोजकाच असेल, तर माझ्या मते तो आधी गाडीच्या वेगळ्या कप्प्यावर आणि तो वेगळाच उतरवून घेणाऱ्या जागेवर जावा. मिथेनपासून वीज करणाऱ्या यंत्राचा नंबर त्यानंतर.

नमस्कार.