"ताई, हे खरंच घडलं का?" | आत्मचरित्रासारखी कादंबरी कशी वाचायची

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली फिरून फिरून एकच प्रश्न आलाय, "ताई, ही कादंबरी आहे की त्या लेखकाचं स्वतःचं आयुष्य? खरं किती अन् बनवलेलं किती?" आज फक्त यावरच बोलते. शिवायचे ब्लाऊज बाजूला ठेवलेत, लाईन आहे तोवर उरकून घेऊ.

सोपं आधी सांगून टाकते. आत्मचरित्रात लेखक आपल्या नावानं सांगतो की हे माझ्यासोबत घडलं. कादंबरी रचलेली असते. अन् या दोन वावरांच्या मधल्या धुऱ्यावर जे उगवतं, ते हे, आत्मचरित्रासारखी कादंबरी. सर्ज दुब्रोव्स्की नावाच्या फ्रेंच लेखकानं १९७७ साली आपल्या पुस्तकासाठी 'ऑटोफिक्शन' हा शब्द वापरला, पण असं लिहिणं त्याच्या आधीपासून चालू होतंच. आपली 'कोसला'च घ्या ना, १९६३ ची. भालचंद्र नेमाडे १९३८ चे, खानदेशातल्या सांगवीचे, शिकायला पुण्यात. अन् कादंबरीतला पांडुरंग सांगवीकर पंचवीस वर्षांचा, तोही खेड्यातून पुण्याला कॉलेजात गेलेला. लगेच आपण म्हणतो, झालं, म्हणजे हे नेमाडेच.

इथंच गाडी फसते.

माझीच गोष्ट सांगते. बाबांनी एका उन्हाळ्यात बैल विकला होता, मी तेव्हा सहावीत. मोठेपणी मी त्यावर एक कथा लिहिली. त्यात बैल पांढरा, दिवेलागणीची वेळ, अन् मी दारात उभी राहून तो दूर जाईपर्यंत बघत राहिलेली. कथा छापून आली तर भाऊ तरातरा घरी आला, म्हणे, "काऊन खोटं लिहिलं? बैल तांबडा होता. अन् तू कुठं होती दारात, तू तर मामाच्या गावी होती." अन् त्याचं बरोबरच होतं बाप्पा! मी चार दिवसांनी आले तेव्हा गोठ्यात नुसतं दावं लटकत होतं, अन् मी कोणालाच काही विचारलं नाही. घरात कोणी काही बोललंही नाही. पण ते न विचारलेलं माझ्या आत वीस वर्षं राहिलं होतं ना, ते कागदावर आणायचं कसं? म्हणून मी स्वतःला दारात उभं केलं. अन् बैल पांढरा केला, कारण अंधार पडताना तांबडा लवकर दिसेनासा होतो, पांढरा लांबपर्यंत दिसत राहतो. मला तो लांबपर्यंत दिसायला हवा होता.

आता मला सांगा, यातलं खरं किती टक्के काढणार?

तेच दुसऱ्या बाजूनं बघा. जे. एम. कोएत्झी, दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले लेखक, यांनी 'बॉयहूड' या पुस्तकात आपलंच बालपण लिहिलं, १९९७ मध्ये, पण 'मी' म्हणून नाही, 'तो' म्हणून. सगळं पुस्तक तो असं करतो, त्याला असं वाटतं. का? लिहिणारा माणूस पन्नाशी ओलांडलेला, अन् लिहिला जातोय तो दहा-बारा वर्षांचा पोरगा. दोघांचं नाव एक असलं तरी दोघं एक नाहीत. 'कोसला'त 'मी' आहे अन् इथं 'तो' आहे, पण सांगणारा अन् जगलेला यांच्यातलं अंतर दोन्हीकडे आहे.

अन् तिसरं, जे मला खरंच खुपतं. एका कमेंटमध्ये विचारलंय की 'कोसला'त पांडुरंगची बहीण मनी देवीच्या आजारानं जाते, तर नेमाड्यांना खरंच अशी बहीण होती का. अरे दादा, ती पानं तुम्ही वाचली ना? छाती भरून आली ना? मग पुस्तक खाली ठेवून मोबाईलवर लेखकाच्या घरची चौकशी काऊन करता? तिथून परत आल्यावर ती मनी तुम्हाला पहिल्यासारखी भेटत नाही हो. तुम्ही तिला पुरावा करून टाकता.

अजून एक तक्रार, "ताई, पुस्तकात काहीच घडत नाही, हिरो नुसता एकटा बसतो." हे वाचलं की मला राग येतो, सांगूनच टाकते. मी लहानपणापासून अबोल. सासरी पहिलं वर्षभर मला घुमी म्हणायचे, काही मनाला लागलं आहे का म्हणून देवऋष्याकडंही न्यायचं चाललं होतं. तेव्हा बाहेरून बघणाऱ्याला माझ्या आयुष्यात काहीच घडत नव्हतं, सैपाक, धुणं, शिलाई. आतून मी रोज किती बोलत होते ते मलाच ठाऊक. असल्या माणसाचं पुस्तक वाचताना पुढं काय होते हे शोधू नका, तो काय बोलायचं टाळतो ते बघा. नॉर्वेच्या कार्ल ओवे क्नाउसगोरनं २००९ ते २०११ मध्ये स्वतःच्या साध्या जगण्यावर कादंबरीचे सहा भाग काढले, तीन हजारांवर पानं. पहिल्या भागात वडील गेल्यावर ते राहत होते ते घर साफ करणं आहे, बाटल्या, घाण, ब्लीचिंग, पानंच्या पानं. मी ते इंग्रजीतून अडखळत वाचलं, एका रात्री दहा पानं, त्याहून जास्त जमतच नव्हतं. बापाबद्दल जे बोलता येत नाही ते तो फरशी घासत सांगतो. हे भरभर वाचलं तर खरंच हाती काही लागत नाही, अन् दोष पुस्तकाला जातो.

हां, भावाचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी तो चहा न घेताच गेला. दिवाळीला आला तेव्हा तो अंक मागून घेऊन गेला, अजून परत दिला नाही. वहिनी सांगत होती, पोरांना वाचून दाखवतो. मी तिला विचारलं, बैल कोणता सांगतो?

पांढराच सांगतो म्हणे.