मोबदला कामाचा, गाणं बँडचं

[दृश्य: शिकागो. बेलमाँट अ‍ॅव्हेन्यूवरची विटांची इमारत, आतल्या बाजूला उघडणारं दार.]

शिकागो. २६२१, वेस्ट बेलमाँट अ‍ॅव्हेन्यू. या पत्त्यावर १९९७ पासून एक रेकॉर्डिंग स्टुडिओ चालतो आहे: इलेक्ट्रिकल ऑडिओ. कुठल्याही रेकॉर्ड कंपनीची त्यावर मालकी नाही. स्टीव्ह अल्बिनी नावाच्या ध्वनिमुद्रकानं तो उभा केला. या माणसाचा शिरस्ता असा, की रेकॉर्डिंगचे ठरलेले पैसे घ्यायचे आणि अल्बमच्या विक्रीत एका पैशाचाही वाटा मागायचा नाही.

हे साधं वाटतं, पण संगीताच्या धंद्यात रीत उलटी आहे. मोठ्या अल्बमचा निर्माता फी घेतो आणि वर दर प्रतीमागे काही टक्के रॉयल्टी घेतो. ती बहुधा कलाकारांच्याच हिश्श्यातून जाते. गाणी बँडनं लिहिली, वाजवली, गावोगावी फिरून लोकांपर्यंत नेली. आणि दोन आठवडे माईक लावणाऱ्याला त्यातून वर्षानुवर्षं पैसे मिळत राहतात. अल्बिनींच्या लेखी हा बँडचा अपमान होता.

[दृश्य: जुनी छायाचित्रं. १९८० आणि १९९० ची दशकं.]

१९८७ च्या अखेरीस पिक्सीज या बँडचा ‘सर्फर रोझा’ हा अल्बम त्यांनी १,५०० डॉलरमध्ये ध्वनिमुद्रित केला. रॉयल्टी घेतली नाही. पुढे निर्वाणानं बोलावलं. तेव्हा निर्वाणा म्हणजे जगातल्या सर्वांत जास्त खपणाऱ्या बँडपैकी एक. काम सुरू होण्याआधी अल्बिनींनी त्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. मला प्लंबरसारखे पैसे द्या, असं त्यात म्हटलं होतं: काम करीन, त्याची जी किंमत होईल ती चुकती करा. टक्केवारीनं जी रक्कम होईल ती घेतली तर मला झोप लागणार नाही, हेही त्यात होतं. फेब्रुवारी १९९३ मध्ये मिनेसोटातल्या एका स्टुडिओत ‘इन युटेरो’चं रेकॉर्डिंग झालं. अल्बिनींनी ठोक १ लाख डॉलर घेतले आणि विषय तिथंच संपवला.

त्याच वर्षी त्यांनी एक लेख लिहिला आणि मोठ्या कंपनीशी करार करणाऱ्या एका काल्पनिक बँडचा जमाखर्च ओळीओळीनं मांडला. बँडला अडीच लाख डॉलरची उचल मिळते, अल्बमच्या अडीच लाख प्रती खपतात. वकील, मॅनेजर, निर्माता, स्टुडिओ, व्हिडिओ, दौऱ्याची बस असे सगळ्यांचे पैसे वळते होतात. शेवटी धंद्याच्या पदरात ३० लाख डॉलरहून जास्त पडतात, बँडच्या प्रत्येकाच्या हातात जेमतेम ४,००० डॉलर. शिवाय रॉयल्टीच्या खात्यावर १४,००० डॉलरचं देणं उरतंच! आजही करारावर सही करण्याआधी प्रत्येक तरुण कलाकारानं तो हिशेब एकदा वाचावा, असं मनापासून वाटतं.

[दृश्य: स्टुडिओच्या आत. मातीच्या विटांच्या भिंतीवरून हळूहळू सरकणारा कॅमेरा.]

इलेक्ट्रिकल ऑडिओ उभा राहिला तो याच विचारावर. त्याआधी अल्बिनींचा स्वतःचा स्टुडिओ घरातच होता. नव्या जागेत दोन स्टुडिओ बांधले. भिंतींसाठी न्यू मेक्सिकोहून अडोबी विटा आणल्या. अडोबी म्हणजे उन्हात वाळवलेली, न भाजलेली मातीची वीट. ती जड असते, त्यामुळे एका खोलीतला आवाज दुसऱ्या खोलीत सहजी जात नाही. बाहेरगावच्या बँडला हॉटेलचा खर्च पडू नये म्हणून इमारतीतच झोपण्याच्या खोल्या आहेत. अंगात बॉयलर सूट घालून काम करणारे इथले ध्वनिमुद्रक एखाद्या कारखान्यातले कामगार वाटतात, आणि मला ते फार आवडतं.

[दृश्य: ड्रमसमोर, जरा लांब, जमिनीवर ठेवलेले दोन माईक.]

कामाची पद्धतही याच विचारातली. बँड शक्यतो एकत्र वाजवतो, जसा मैफलीत वाजवतो तसा. ड्रमजवळचे माईक वेगळे. शिवाय काही माईक लांब, थेट जमिनीवर. लांबच्या माईकचा आवाज अल्बिनी १० ते २० मिलिसेकंद उशिरा सोडत. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. म्हणजे २० मिलिसेकंदांत जवळपास ७ मीटर. तेवढ्या उशिरानं कानाला खोली मोठी भासते, आणि ड्रम आपल्या पुढ्यात वाजतोय असं वाटतं. कृत्रिम घुमारा नंतर चढवण्यापेक्षा खोलीचा स्वतःचा आवाज पकडायचा. अल्बमवर ‘निर्माता’ म्हणून नाव छापलेलंही त्यांना नको असे.

रेकॉर्डिंग टेपवर. दोन इंच रुंदीची, २४ ट्रॅकची टेप, म्हणजे २४ आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांवर शेजारी शेजारी उतरतात. सेकंदाला १५ इंच वेगानं २,५०० फुटांचं रीळ साधारण ३३ मिनिटं चालतं, ३० इंच वेगानं निम्मंच. रीळ महाग, त्यामुळे बँड तालीम करूनच येतो. तुकडे जुळवायचे तर टेप ब्लेडनं कापून जोडायची. हा हट्ट जुन्याच्या मोहापोटी नव्हता. आज कॉम्प्युटरवर साठवलेली फाईल ५० वर्षांनी कोण उघडणार, हा अल्बिनींचा रास्त प्रश्न होता. टेप मात्र कुठल्याही चालू मशीनवर वाजते. २००५ च्या सुरुवातीला अलाबामातला क्वांटेजीचा टेप कारखाना बंद पडला, तेव्हा टेपवर काम करणाऱ्या साऱ्या स्टुडिओंचे धाबे दणाणले. नंतर पेनसिल्व्हेनियात आणि फ्रान्समध्ये उत्पादन चालत राहिलं, म्हणून निभावलं.

[दृश्य: कंट्रोल रूम. फिरणारी रिळं.]

इथं लो आणि न्यूरोसिस हे बँड आले, जपानहून मोनो हा बँड आला. पण बहुतेक बँड असे, ज्यांची नावं त्यांच्या गावाबाहेर कुणी ऐकलेली नव्हती. २००४ साली अल्बिनींचा स्वतःचा अंदाज होता, की तोवर आपण सुमारे १,५०० अल्बम ध्वनिमुद्रित केले. विक्रीतल्या वाट्यावर पोट असतं, तर खपणारे तेवढेच बँड निवडावे लागले असते. रोजचा दर ठरलेला होता, म्हणून दार सगळ्यांना उघडं राहिलं.

७ मे २०२४ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं अल्बिनी गेले. वय ६१. त्यांच्या शेलॅक या बँडचा नवा अल्बम दहाच दिवसांनी, आधी ठरलेल्या तारखेलाच प्रसिद्ध झाला. स्टुडिओही बंद पडला नाही. तिथले ध्वनिमुद्रक काम घेतात, बाहेरच्या ध्वनिमुद्रकांनाही खोल्या भाड्यानं देतात.