बाजूची दोन चाकं

(गॅरेज. वेल्डिंगचा आवाज आधी पूर्ण ऐकू द्यावा, मग निवेदन.)

ही स्कूटर नवी कोरी आहे. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही, पण मेस्त्रींनी मागचं कव्हर उतरवून बाजूला ठेवलंय. स्टँड काढून टाकला. ही गाडी एका दिव्यांग ताईंसाठी आहे; तिला बाजूला दोन चाकं लागणार, म्हणून स्टँडची गरज पडणार नाही.

चासीखाली आडवी लोखंडी चौकट बसते. तिच्या दोन टोकांना दोन छोटी चाकं, आणि प्रत्येक चाकाला स्वतःचा शॉकअप. मेस्त्रींचा सगळ्यात जास्त वेळ जातो तो इथं. स्प्रिंग कडक राहिली तर भार बाजूच्या चाकांवर जातो. खड्ड्यात मधलं चाक अधांतरी फिरत राहतं आणि गाडी जागची हलत नाही. ढिली राहिली तर वळणावर गाडी एका अंगाला झुकते. म्हणून नट आवळायचा, बसून बघायचं, पुन्हा थोडा सोडायचा. जिची गाडी, तिलाच बसवून बघतात, कारण गाडीवर रोज तिचंच वजन येणार. समोर बाकावर बसलेल्या ताई त्यासाठीच थांबल्यात. कुबड्या अडकवायचा हूकही त्यांचा हात पोचेल तिथंच लागतो.

(ताई स्कूटरवर बसतात. इथे निवेदन नको.)

अशा गाडीला कायद्यात नीट जागा मिळायला फार वर्षं गेली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ची व्याख्या होती: शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी मुद्दाम घडवलेलं वाहन, नुसता बदल केलेलं नव्हे. म्हणजे हे गॅरेज, ही चौकट, हे वेल्डिंग त्या व्याख्येच्या बाहेर! २०१९ च्या दुरुस्तीनं ‘अडॅप्टेड व्हेईकल’ आलं आणि त्यात घडवलेली आणि बदल केलेली, दोन्ही वाहनं बसली. वाहनातल्या बदलांबद्दलच्या कलम ५२ मध्येही सोय झाली. दिव्यांगांसाठीचा बदल आधी करून घेता येतो, आरटीओची मंजुरी नंतर. मेस्त्रींचं हे काम कायद्याच्या आत यायला ३१ वर्षं लागली.

(टेबलावर पसरलेले कागद. कॅमेरा एकेका कागदावरून.)

हे दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. ४० टक्के किंवा त्याहून जास्त असावं लागतं. हे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. आणि हा फॉर्म २०, गाडीच्या नोंदणीचा. ऑक्टोबर २०२० पासून त्यात मालकीच्या प्रकारात ‘दिव्यांगजन’ हा पर्याय आहे. त्याआधी मालक दिव्यांग आहे हे नोंदणीत धड उमटतच नव्हतं आणि सवलत मागताना पुरावा पुन्हा पहिल्यापासून उभा करावा लागे. गाडी घेणाऱ्यांनी हा रकाना स्वतः वाचून भरून घ्यावा. घाईत तिथं भलतंच लिहिलं गेलं, तर पुढे करमाफी आणि टोलमाफी दोन्हींचा गुंता होतो.

महाराष्ट्रात खासगी पेट्रोल कारवर एकरकमी वाहन कर ११ टक्क्यांपासून सुरू होतो. ७ लाखांच्या गाडीवर ७७ हजार. दिव्यांगांसाठी बदल केलेल्या वाहनाला हा कर माफ होतो; १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्यानं सरकारला तसा अधिकार दिलाय. चौकट, चाकं, शॉकअप ही ताईंची हौस नाही. इतरांना स्कूटर येते तशी चालवता येते. ताईंना ती चालवण्याजोगी करण्याचाच खर्च वेगळा पडतो आणि करमाफी त्याच खर्चापोटी आहे.

(कार. स्टिअरिंगखालच्या दांडीचा क्लोजअप.)

आता ही कार बघा. स्टिअरिंगजवळ एक दांडी आहे. पुढे ढकलली की ब्रेक, मागे ओढली की गाडी वेग घेते. पाय पेडलला लागतच नाहीत. गिअर ऑटोमॅटिक.

अशा छोट्या गाडीसाठी केंद्राची सवलत होती. लांबी ४ मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत, डिझेल १५०० पर्यंत. अवजड उद्योग मंत्रालयाचं प्रमाणपत्र आणलं की जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के लागे. अट होती अस्थिव्यंगाची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, पण अंध मुलीला किंवा स्वमग्न मुलाला दवाखान्यात नेणारी गाडी या सवलतीत बसत नव्हती.

२२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी सगळ्यांसाठीच १८ टक्के झाला. दिव्यांग ग्राहक आणि इतर ग्राहक यांच्या दरात आता फरक उरला नाही.

(पुन्हा गॅरेज. स्कूटर फाटकातून बाहेर पडते.)

व्हीलचेअरवर जीएसटी ५ टक्के आहे. दिव्यांगांच्या गाडीत बसवायच्या किटवरही ५ टक्के. ते किट ज्या छोट्या कारमध्ये बसतं, तिच्यावर १८. ही कारही ५ टक्क्यांत आणावी, आणि अस्थिव्यंगाची जुनी अट न घालता २१ प्रकारांपैकी कोणतंही दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या घराला तो दर मिळावा, अशी आमची जीएसटी परिषदेकडे मागणी आहे.