कॅसिओवरचा रेगे

श्रोतेहो, नमस्कार.

यंत्रावर केलेल्या रेगेत, म्हणजे जमैकाच्या त्या ठेकेदार संगीतात, जीव नसतो, असं छातीठोकपणे सांगणारे रसिक पुष्कळ भेटतात. त्यांना मी एकच गाणं ऐकवतो: जमैकाच्या वेन स्मिथचं, १९८५ सालचं 'अंडर मी स्लेंग टेंग'.

या गाण्यात ना ड्रमवर कुणी बसलंय, ना बेस गिटार कुणाच्या हातात आहे. ठेका आणि बेस, दोन्ही कॅसिओच्या एमटी-४० या छोट्याशा कीबोर्डातले. 'रॉक' नावाचा ठेका निवडायचा, डावीकडच्या बेसच्या बारक्या पट्ट्यांपैकी योग्य ती दाबायची, की झालं सुरू! कीबोर्ड होता नोएल डेव्हीचा. निर्माता प्रिन्स जॅमीनं त्या ठेक्याची लय संथ केली, वर थोडा पियानो आणि टाळी घातली. २३ फेब्रुवारी १९८५ला किंग्स्टनच्या वॉल्थम पार्क रोडवर दोन साउंड सिस्टिमचा, म्हणजे मोठाले स्पीकर लावून गाणी वाजवणाऱ्या दोन चमूंचा सामना रंगला, तिथे जॅमीनं हे गाणं वाजवलं आणि मैदान मारलं. पुढे त्याच ठेक्यावर शेकडो गाणी झाली.

गंमत अशी, की हा ठेका बसवला तो जपानमधल्या हिरोको ओकुदा यांनी. कॅसिओत नुकत्याच लागलेल्या, आणि संगीत शिकताना प्रबंध लिहिला होता तो रेगेवरच! मग हा ठेका निर्जीव कसा म्हणायचा?

वाद्यांवर असा राग आपल्याला नवा नाही म्हणा. आपल्या आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली होती, आणि ती कित्येक वर्षं टिकली.

एक खरं, की यंत्रं आली आणि स्टुडिओत रोज वाजवणाऱ्या अनेकांचं काम गेलं. त्यांची चीड मला रास्त वाटते. पण या नव्या रेगेतली नावाजलेली जोडी, स्टीली आणि क्लीव्ही, हीसुद्धा वादकांचीच. क्लीव्ही तर मूळचा ड्रमवाला. ड्रम मशीनमध्ये कुठला ठोका भरायचा आणि कुठला गाळायचा, हे ठरवणारा कान त्याचाच.

आणि गाळण्यातच सगळं आहे. जुन्या रेगेत गिटार, ऑर्गन, ब्रास यांची दाटी असायची. इथे खाली बेस, वर ठेका, आणि मधे मोकळी जागा. त्या जागेत गायक एकटा सापडतो. श्वास अपुरा पडला, सूर जरा हलला, की लगेच कळतं. झाकायला काहीच नाही. माझ्या मते १९८८च्या 'रूमर्स' या गाण्यात गायक ग्रेगरी आयझॅक्स इतका जवळचा वाटतो तो यामुळेच. गसी क्लार्कच्या निर्मितीतला तो ठेका अगदी काटेकोर, आणि ग्रेगरी मात्र त्यावर आरामात, किंचित रेंगाळत गातो.

तेच गाणं आता लावतोय. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकत असाल तर हेडफोन शोधा, नाहीतर बेस तुमच्यापर्यंत पोचायचाच नाही.