हिरवा दिसला की तांबंच?

(विहिरीच्या कामावरचा ढिगारा, मग दगड जवळून)

सोलापूरच्या आसपास कुठंही विहीर खणा, माती आणि मुरूम सरला की लागतो तो काळा बेसॉल्ट. या दगडाच्या पोकळीत मात्र हिरवागार थर आहे. कुणीतरी मोबाइलवर फोटो टाकला, उत्तर आलं मॅलाकाइट, म्हणजे तांब्याचं खनिज. दगड पिशवीत पडला आणि थेट कॉलेजच्या भूशास्त्राच्या प्रयोगशाळेत पोचला.

"ओ सर, तांबं हाय का यात?"

सरांनी नुसतं नख ओढलं. नखात हिरवी भुकटी आली. मॅलाकाइटवर नख चालत नाही. एक ते दहाच्या मापावर त्याचं काठिण्य साडेतीन ते चार, नखापेक्षा जास्त. हा सेलाडोनाइट, एक मऊ हिरवं खनिज. यात लोह आहे, पोटॅशियम आहे, तांबं औषधालाही नाही. बेसॉल्टमधल्या वायूच्या पोकळ्यांना असं हिरवं अस्तर बऱ्याचदा असतं.

(टेबलावर तीन नमुने)

आता हे खरे तांब्याचे. राजस्थानातल्या खेतडी, मध्य प्रदेशातल्या मलाजखंडसारख्या तांब्याच्या पट्ट्यांत सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, खनिजाला वरून हवापाणी लागलं की असे हिरवे-निळे प्रकार तयार होतात. कुठला कोणता, ते फोटोत कळत नाही. हातात घ्यावं लागतं.

पहिला वजनदार, कापलेल्या बाजूवर गडद-फिक्या हिरव्या पट्ट्या. दुसरा निळसर, आकारानं तेवढाच, पण वजनाला जवळपास निम्मा. टाइलच्या खरखरीत पाठीवर रेघ ओढली. पहिल्याची फिकट हिरवी, दुसऱ्याची पांढुरकी.

आता विरल हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब. पहिला फसफसला: मॅलाकाइट, तांब्याचं कार्बोनेट. दुसरा गप्प: क्रायसोकोला, सिलिकेट. तिसरा, ब्रोकँटाइट, रंगानं हुबेहूब मॅलाकाइट, पण सल्फेट, म्हणून तोही गप्प. इथं एक गोम आहे. दगडावर कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या कार्बोनेटचा, पापुद्रा असला तरी फसफसतंच. म्हणून सर भिंगातून बघायला लावतात, बुडबुडे नेमके हिरव्यातून येतायत की शेजारच्या पांढऱ्यातून. नुसता आवाज ऐकून नाव लिहिणाऱ्याचे मार्क जातात.

मॅलाकाइटमध्ये सुमारे 57 टक्के तांबं, क्रायसोकोलात बरंच कमी आणि ते सुटतंही सावकाश. नमुना चुकला की कारखान्याचं गणित चुकतं.

(खिळा, अगदी जवळून)

शेवटी लोखंडी खिळा. सँडपेपरनं घासून चकचकीत केलेला. मॅलाकाइटची चिमूटभर पूड, त्यावर ॲसिड, त्यात खिळ्याचं टोक. थोडं थांबा. टोकावर तांबूस मुलामा चढतोय. लोखंड विरघळतं, त्याच्या जागी तांबं बसतं.

विहिरीच्या दगडाची पूड, तेच ॲसिड, दुसरा खिळा. मुलामा नाही.

विहिरीचा दगड घेऊन आलेल्या पाहुण्यांनी तो पिशवीत टाकला. जाताना तांबूस खिळा मात्र मागून घेतला.